डोळे नसलेले हत्ती

पोटात पीळ पडतो, तोंडाला सारखी गोडसर चव राहते आणि हातातली बशी आपोआप कलंडते, असं तुमच्या घरात रंगकाम करणाऱ्या कुणाचं होत असेल, तर हे वाचा. बाकीच्यांनी नाही वाचलं तरी चालेल, मी काही लेखिका नव्हे. सातवी पास झाले तेव्हा माझं अक्षर वर्गात पहिलं होतं. आता ते वाकडं येतं. ते का, तेच सांगायला बसले आहे.

हात

माझं माहेर शाहूपुरीतलं, कुंभाराचं. बेंदराच्या सणाचे मातीचे बैल, गणपती, गौरी, सगळं आमच्या अंगणात व्हायचं. पण आमच्या घराण्याचं नाव होतं ते आखणीसाठी. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. ते सगळ्यात शेवटी. मूर्ती रंगवून झाली, दागिने झाले, तरी डोळ्यांच्या जागी कोरा पांढरा रंग ठेवायचा. मग एका सकाळी घरातल्या मोठ्या माणसानं आंघोळ करून, एका बैठकीत सगळ्यांचे डोळे उघडायचे. तोवर ती माती, डोळे आले की देव. अर्धवट मूर्तीला कुणी डोळे काढले, तर आबा त्याला अंगणातून हाकलून द्यायचे.

आबा म्हणजे माझे वडील. मी लहान असतानाच त्यांचा उजवा हात पडला. 'पडला' असंच आम्ही म्हणायचो. मोडला नाही, लुळा झाला नाही, नुसता मनगटापासून खाली लोंबायला लागला, एका बाजूची कडी सुटलेल्या बादलीसारखा. माझ्या आजोबांचाही तसाच होता म्हणे. त्यावर घरात कुणी रडलं नाही. आबा तर छाती काढून सांगायचे, "देवाला डोळं दिलं की देव हात मागतो. आमच्या घराण्याकडनं मागतो, दुसऱ्या कुणाकडनं न्हाय."

मला भाऊ नाही. त्यामुळे आबांचा ब्रश माझ्या हातात आला, लग्न झाल्यावरही राहिला. सासर मंगळवार पेठेत, चालत जाण्याच्या अंतरावर. नवरा, म्हणजे माझ्या मुलीचे, मंदाचे वडील, उद्यमनगरात लेथवर कामाला. त्यांनी कधी अडवलं नाही. ब्रश खारीच्या शेपटीच्या केसांचा. त्याला सुईसारखं टोक हवं असेल तर तो ओठांत धरून जिभेवर फिरवायचा, हे मला कुणी शिकवलंही नाही. आबा तसं करायचे, म्हणून मी करायचे. पांढरा रंग म्हणजे सफेदा, आणि सफेदा गोड लागतो.

हात जाणार हे मला ठाऊक होतं. फक्त मला वाटायचं, माझी पाळी येईपर्यंत देव विसरेल.

भिंत

बायका-मुलांचा तो दवाखाना गावातलाच. नाव लिहीत नाही, कारण त्या लोकांनी माझं भलंच केलं. वर बायकांचा वॉर्ड, खाली मुलांचा, आणि मधे बोळातून फुटलेले बोळ. नवखा माणूस शिरला की हरवलाच म्हणून समजा. पाट्या होत्या, पण जोतिबाच्या डोंगराकडून नाहीतर गगनबावड्याकडून आलेल्या माणसानं त्या वाचायच्या कशा? एकदा एक बाप तापानं फणफणलेलं पोर खांद्यावर टाकून औषधाच्या खिडकीपासून एक्स-रे फोटोच्या खोलीपर्यंत आणि तिथून परत असा हिंडत राहिला. वॉर्डात पोचला तेव्हा पोराला झटके यायला लागले होते. ते वाचलं, पण मुलांचे डॉक्टर, जोग डॉक्टर, यांच्या डोक्यातून ते जाईना.

जोग डॉक्टर दरवर्षी आमच्याकडूनच गणपती न्यायचे. त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "सुमनबाई, अडाणी माणसालाही वाट कळेल असं भिंतीवर काहीतरी काढा."

"बाण काढून भागंल की," मी म्हटलं.

"काढले होते. लोक बाणाच्या शेपटीकडं जातात."

मला हसू आलं आणि काम घेतलं. मुलांच्या वॉर्डाकडे हत्ती, औषधाच्या खिडकीकडे पोपट, फोटोच्या खोलीकडे हरणं आणि ऑपरेशनच्या खोलीकडे कासवं. कासवं मुद्दाम, म्हणजे कुणाला घाई वाटू नये. आत येणाऱ्याला दारातला शिपाई एवढंच सांगणार, "हत्तीच्या मागनं जावा."

"चित्रं खाली पायजेत," मी अडून बसले. "पोरं माझ्या कमरंएवढी असत्यात."

"पण वाट मोठ्यांना दिसायला हवी ना?"

"मोठी मानसं पोराच्या तोंडाकडं बघत येत्यात, डॉक्टर. पोरगं जिकडं बघंल तिकडं त्येंची नजर जाती."

डॉक्टरांनी ते मानलं. मला त्या हुशारीचा फार गर्व होता. येता-जाता पोरं हत्तीच्या पाठीवरून हात फिरवत जायची, औषधाच्या खिडकीतल्या बाया हसायच्या, आणि मी मनात म्हणायचे, बघा, मी म्हटलं नव्हतं?

भिंती फिनेलच्या पाण्यानं पुसायच्या, म्हणून रंग तेलातला हवा होता. सफेदा जवसाच्या तेलात घोटून घोटून मी पांढरे हत्ती काढले, त्यांच्यावर शेंदरी झुली घातल्या. माझी मंदा तेव्हा दुसरीत होती. शाळा सुटली की दप्तर टाकून माझ्याजवळ यायची. हत्तींच्या पायांची नखं तिनं काढली. एकेक नख काढायचं, ब्रश ओठात फिरवायचा, पुढचं नख काढायचं. हुबेहूब आबांसारखं. येणारे-जाणारे थांबून बघायचे.

"आई, ह्यो रंग गोड लागतोय," ती एकदा म्हणाली.

"लागतोच. म्हणून काय गिळायचा न्हाय, नुसतं टोक काढायचं," मी म्हटलं.

आंधळे

डोळे मी कुणाचेच काढले नव्हते. ते देव नव्हेत, भिंतीवरची जनावरं आहेत, हे मला कळत होतं. पण हात रीत सोडत नाही. सगळी भिंत पुरी झाली की एका सकाळी आंघोळ करून यायचं आणि सगळ्यांचे डोळे उघडायचे, असं मी ठरवलं होतं. आबाही येणार होते. तोवर हत्तींच्या डोक्यावर डोळ्यांच्या जागी बदामाएवढ्या कोऱ्या जागा होत्या.

दिवसा ते चालून जायचं. पण दिवेलागणीला बोळातला पिवळा दिवा लागला की ती कोरी तोंडं बघून माझ्याच अंगावर काटा यायचा. पोरं संध्याकाळी त्या बाजूला जाईनाशी झाली.

जोतिबाच्या बाजूची एक बाई तिच्या चार वर्षांच्या पोरीला घेऊन वॉर्डात होती. पोरीचं नाव कोंडाबाई, घरातली सगळी तिला कोंडू म्हणायची. हत्तींची रांग वॉर्डाच्या आतपर्यंत गेलेली, आणि तिची खाट अगदी त्या भिंतीला लागून. पडल्या पडल्या ती हत्तीची नखं बोटानं खरवडायची. मला राग यायचा, कारण नखं मंदानं काढलेली. मी रागवायला गेले तर तिची आईच माझ्यावर उसळली.

"बाई, ह्या हत्तींस्नी डोळं न्हाईत. आंधळ्याच्या मागनं न्यायचं व्हय आमच्या लेकरास्नी?"

"डोळं शेवटी असत्यात, मावशी. आमची रीत हाय."

"मग काढा की लवकर! वंगाळ दिसतंय. कोंडू झोपंत वरडतीया."

"ह्या आठवड्यात काढतो," मी म्हटलं.

त्या आठवड्यात मी आडवी झाले.

कासवं

आधी महिनाभर पोटात कळा येत होत्या. मंदाच्या वडिलांनी ओवा दिला, शेजारणीनं हिंग लावला, पेठेतल्या डॉक्टरांनी गॅस म्हणून गोळ्या दिल्या. शौचाला व्हायचंच नाही. चेहरा राखेसारखा झाला होता. चहा केला तर कप हातातून सुटायचा. मी कुणाला बोलले नाही. आमच्या घरात हात सुटायला लागला की त्याचा अर्थ ठरलेला असतो. मला आबांना ते कळू द्यायचं नव्हतं, कारण ते खूश झाले असते.

मग एका दुपारी पोट असं पिळलं की मी स्वयंपाकघरात गुडघ्यावर आले आणि उठलेच नाही. मंदाच्या वडिलांनी रिक्षा आणली. त्याच दवाखान्यात नेलं. तिथल्या सर्जननी पोट दाबून बघितलं, ते लाकडासारखं कडक. अपेंडिक्स फुटलंय, आत्ताच्या आत्ता कापायला हवं, म्हणाले.

स्ट्रेचर बोळातून निघालं. मी कुशीवर पडलेले, त्यामुळे तोंडासमोर भिंत. आणि भिंतीवर माझीच कासवं, एकामागे एक, माझ्या बरोबरीनं चाललेली. एकालाही डोळा नव्हता. त्या क्षणी मला कोंडूच्या आईचं बोलणं कळलं. घाई वाटू नये म्हणून मी कासवं काढली होती, आणि आता वाटत होतं की ही मला सावकाश, न चुकता, कुठंतरी पोचवणार आहेत. मी तोंडात पदर कोंबला.

समोरून जोग डॉक्टर आले. मला ओळखून थांबले. म्हणाले, "अहो सुमनबाई, तुम्ही?"

त्या अवस्थेतही हात जोडायला गेले, सवय आपली. डावा हात उभा राहिला. उजवा मनगटापाशी दुमडून खाली लोंबला. दोन तळवे एकमेकांना लागलेच नाहीत.

जोग डॉक्टरांनी स्ट्रेचर धरलं. "पुन्हा करा," ते म्हणाले. मी पुन्हा केलं. मग त्यांनी अंगठ्यानं माझा खालचा ओठ ओढला आणि बोळातल्या खिडकीकडे माझं तोंड वळवून हिरड्या बघितल्या. बराच वेळ बघितल्या.

"ब्रशाला टोक कसं काढता?" त्यांनी विचारलं.

हा काय प्रश्न आहे, असं मला वाटलं. मी डाव्या हाताचं बोट ओठांत फिरवून दाखवलं.

डॉक्टरांनी एकदम डोळे मिटले. मग सर्जनकडे जाऊन काहीतरी इंग्रजीत बोलले आणि स्ट्रेचर उलटं फिरलं. मला पुन्हा कासवं दिसली, या खेपेस मागं मागं जाताना.

निळी रेघ

सफेद्यात शिसं असतं. शेंदरातही असतं. ते पोटात साचतं, रक्तात जातं, नसा खातं आणि रंग धरणाऱ्या हाताला आधी धरतं. हिरडीच्या कडेला निळसर रेघ उठते. डॉक्टरांनी आरशात दाखवली. मी वर्षानुवर्षं आरशात बघून कुंकू लावत होते, ओठ खाली ओढून कोण बघतं?

"घरात आणखी कुणाचा हात असा आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"आबांचा. आज्याचा पन हुता."

"आणि रंगात आणखी कोण बसतं?"

मला उत्तर माहीत होतं आणि ते तोंडातून निघेना. मंदाचे वडील खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी न बोलताच ते शाळेकडे धावत गेले.

मंदा दप्तरासकट आली. मला खाटेवर बघून घाबरली होती, तरी डॉक्टरांनी सांगितल्यावर शहाण्यासारखा ओठ खाली ओढून उभी राहिली. डॉक्टर वाकले. "केसाएवढी आहे," ते हळू म्हणाले, "पण आहे."

आजवर मी पुष्कळ दुखणी काढली आहेत. त्या शब्दांइतकं काही दुखलं नाही.

संध्याकाळी आबा आले. जोग डॉक्टरांनी त्यांना नीट समजावलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि भडकले.

"शेंदूर इख हाय? मग मारुतीला काय आमी इख फासतो व्हय? तीन पिढ्या डोळं काढलं आमी! देवानं हात नेला, इखानं न्हाय!"

मंदाचे वडील सासऱ्यासमोर कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला. "मामा, तुमच्या घराण्यानं माझी बायकू खाल्ली. आता पोरगी खाया बसलायसा. देवाचं नाव घेऊन परत बोललासा तर मी वळख ठेवणार न्हाय."

आबा उठले. त्यांचा हात लोंबत होता, तो त्यांनी डाव्या हातानं उचलून छातीशी धरला आणि जिना उतरून गेले. पुढं कितीतरी दिवस ते फिरकले नाहीत. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी नुसती चिडलेली होते. माझा हात म्हाताऱ्याला मिरवायला हवा होता, असं वाटत राहायचं.

दूध कुठल्या हातानं

मी वर, मंदा खाली. मला उठायची परवानगी नाही, तिला वर यायची नाही. आमच्यामध्ये एक जिना आणि रहिमतबी.

रहिमतबी दोन्ही वॉर्डांची आया. अंगानं आडवी, आवाज फाटका, मन मात्र साखरेचं. तिनं माझी वेणी घातली, घास भरवले, आणि मी लाजले की म्हणायची, "खा गं बाय, लाजायचं नंतर. हात आला की मलाच वाढ." औषध मुंबईहून मागवलेलं, सलाईनमधून द्यायचं. ते चढताना दंडात आग व्हायची. मग लघवी तपासायला न्यायची, मग मनगटाखाली लाकडाची पट्टी बांधायची, म्हणजे हात लोंबत राहून आणखी आखडू नये. पट्टीवर हात ताठ बघून बरं वाटायचं. सोडली की परत खाली.

माझा हात येईल का, हे मी फारसं विचारत नव्हते. तो गेलाच असं धरून चालले होते. खाली काय होतंय, एवढंच मला हवं असायचं. रोज सकाळी रहिमतबी दूध वाटून वर आली की मी विचारायची, "मंदानं दूध कुठल्या हातानं धरलं?"

"उजव्या," ती सांगायची. मग माझा दिवस सुरू व्हायचा.

एका सकाळी मी विचारलं आणि ती चादर झाडत राहिली. मी पुन्हा विचारलं.

"सांडलं आज," ती म्हणाली. "पोरंच हाईत, सांडत्यात."

"कुठल्या हातानं, रहिमतबी?"

तिनं चादर खाली ठेवली. "उजव्याच. पन बोटं मिटंनात नीट. डॉक्टर बसलेत तिच्यापाशी."

मी सलाईनची सुई उपटून जिन्याकडे निघाले. रहिमतबीनं मला कमरेला धरून खाली बसवलं आणि माझं डोकं पोटाशी दाबून धरलं. तिच्या लुगड्याला फिनेलचा वास होता. ती आपल्या बोलीत काहीबाही पुटपुटत होती, दुआ असणार. मी देवाचं नाव घेतलं नाही. ज्यानं तीन हात मागितले असं मला लहानपणापासून सांगितलं होतं, त्याच्याकडं चौथ्यासाठी काय मागायचं?

दुपारी डॉक्टर वर आले. मंदाच्या औषधाची मात्रा बदलली होती. "लहान वय आहे, आपण लवकर धरलंय," ते म्हणाले. मी वचन मागितलं. त्यांनी दिलं नाही. त्याबद्दल मी त्यांना अजून मानते.

खरवड

आणि मग मला भिंत आठवली. इतके दिवस कशी आठवली नव्हती, कोण जाणे. मंदा त्या भिंतीखाली झोपत होती. सगळीच पोरं झोपत होती, माझ्या हुशारीनं त्यांच्या हाताच्या उंचीवर आणून ठेवलेल्या सफेद्याखाली.

मी डॉक्टरांना बोलावून सांगितलं. त्यांच्या डोक्यात ते आधीच आलं होतं. माझी तब्येत बघून बोलले नव्हते, एवढंच. दुसऱ्याच दिवशी मुलांना मागच्या व्हरांड्यात हलवलं, भिंती ओल्या केल्या, आणि तोंडाला फडकी बांधलेली माणसं पत्र्याच्या पट्ट्यांनी खरवडायला लागली. तो आवाज वर ऐकू यायचा. खर्र, खर्र, दिवसभर. मी कानात बोटं घालायची, ती एकाच कानात जायची.

इतकी देखणी भिंत मी पुन्हा काढली नाही. त्याचं दुःख आहे, खोटं कशाला बोलू?

पण खरी गोष्ट दुसरीच. कोंडू खरवडीच्या आधीच घरी गेली होती. ज्या दुखण्यासाठी आली होती ते बरं झालं, आई तिला घेऊन डोंगरावर परतली. मी डॉक्टरांना विचारलं, वॉर्डातल्या पोरांपैकी कुणाला काही झालंय का? जी हाती लागली त्यांच्या हिरड्या बघितल्या, ठीक आहेत, म्हणाले. "आणि कोंडू?" माणूस पाठवला, पण तिची आई मजुरीला म्हणून कुठं उतरून गेली, ते वाडीत कुणाला माहीत नव्हतं. तिच्या नखात अडकलेला पांढरा रंग मला अजून दिसतो. पुढं बरी झाल्यावर मी स्वतः जोतिबाला गेले की पायऱ्यांवरच्या बायकांना विचारायची, कोंडू नावाची पोरगी बघितलीय का. आता ती पोरगी राहिली नसेल, मोठी बाई झाली असेल. झाली असेल, असंच मी म्हणते.

आखणी

मी घरी आले तेव्हा हात निम्मा उठत होता. मंदाची बोटं पुरी मिटत होती. डॉक्टर म्हणाले, "बरी आहे. पण पुन्हा तोंडात गेलं तर निरोप पाठवत बसू नका, आधी पळत या."

भिंत उघडी पडली होती आणि लोक पुन्हा हरवत होते. शिपाई सवयीनं सांगायचा, हत्तीच्या मागनं जावा, आणि हत्ती नव्हते. मग डॉक्टरांनीच पुन्हा विचारलं. मंदाचे वडील नको म्हणाले. दोन दिवस आमच्या घरात भांड्यांनी बोलणं चाललं. शेवटी मी म्हटलं, सफेदा नाही, शेंदूर नाही, तेल नाही. चुना, गेरू, नीळ, पिवळी माती आणि काजळी. पुसलं गेलं तर जाऊ दे, परत काढू. आकार मी कोळशानं डाव्या हातानं काढले, भरले दवाखान्याच्या गवंड्यानं. हत्ती या वेळी गेरूचे झाले, जरा बुटकेही. पोरांना त्याचं काही नव्हतं.

डोळे मात्र राहिले. रीत मोडायला माझा हात तयार नव्हता आणि डोळे काढायलाही तयार नव्हता, निम्माच उठायचा. मंदा म्हणाली, "मी काढतो की डोळं. मला येत्यात."  मी तिच्या वडिलांकडे बघितलं. ते बाहेर गेले, पण नको म्हणाले नाहीत.

त्या सकाळी बोळात डॉक्टर, रहिमतबी, सिस्टर, सलाईनची बाटली धरून उभी राहिलेली एक आई आणि खाटांवरून उतरलेली पोरं, सगळे जमले. आणि कोपऱ्यावरून आबा आले. आंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून. कुणी बोलावलं नव्हतं. थेट मंदापाशी गेले. खिशातून खारीच्या केसांचा ब्रश काढला, मी आडवी झाल्यापासून माहेरी पडून असलेला तोच, आजोबांचा, त्यांचा, माझा, आणि मंदापुढे धरला. 

मंदानं ब्रश घेतला, काजळीत बुडवला. पहिल्या हत्तीपुढे मांडी घालून बसली. टोक फुटलेलं होतं. तिनं ते बघितलं, आणि तिचा हात सरळ ओठांकडे निघाला. विचार करून नव्हे. श्वास घ्यावा तसा.

माझा हात उठला. कोपरापर्यंत उठला, पुढं मनगट आलंच नाही. 

आबांचा डावा हात खाडकन तिच्या मनगटावर बसला. ब्रश उडून भिंतीपाशी पडला. "थुक!" म्हातारा ओरडला, सगळा बोळ दणाणला. "थुक आधी! तोंडात घालायचं न्हाय! कुणी सांगितलं तरी न्हाय, म्या सांगितलं तरी न्हाय!" मंदा रडायला लागली. आबांनी खाली वाकून ब्रश उचलला, आपल्या स्वच्छ धोतराचा सोगा पाण्यात बुडवून तो पुसला, आणि त्या सोग्यावर फिरवून फिरवून टोक काढून दाखवलं. धोतरावर काळे पट्टे उठले. "हे असं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडातून त्या दिवसाआधी किंवा नंतर, चूक झाली असा शब्द आला नाही.

मंदानं डोळे पुसले आणि हत्तीचा डोळा काढला. मागून पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग दुसरा हत्ती, मग तिसरा. दर हत्तीला ती आबांच्या धोतरावर टोक काढायची.

आमच्या गल्लीत अजून ब्रश तोंडात जातात. मी सांगत फिरले, तर लोक म्हणाले, सुमनला दवाखान्यानं येडं केलं. एका घरातल्या तरण्या पोराचा हात परवाच पडला असं ऐकलं. देवानं मागितला म्हणतात. म्हणून हे लिहिलं. तुमच्या घरातल्या रंगाऱ्याचा ओठ आज खाली ओढून बघा, उद्यावर टाकू नका.

मंदा आता शाळेत चित्रकला शिकवते. हात उत्तम आहे. कधी रविवारी येते, पाटावर कागद टाकून काहीतरी काढत बसते, आणि विचारात असली की तिचा ब्रश हवेत थांबतो. त्या सकाळी बोळातले सगळेजण हत्तीच्या डोळ्याकडे बघत होते. मी मंदाच्या ओठांकडे बघत होते. अजून तिकडेच बघते.